चौकातल्या हुतात्मा स्तंभावरचा ऑइल पेंट काढायचा का, आणि कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बसस्टँडसमोरच्या चौकात, मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांचा काळ्या दगडाचा स्तंभ आहे. दर वर्षी १७ सप्टेंबरच्या आधी नगरपरिषद त्याला ऑइल पेंट मारती, आता थर इतके झालेत की नावं वाचायला येईनात. विचारणारे भाऊ मुंबईला हुतात्मा चौकात जाऊन आले आणि म्हणतात की तिथल्या हुतात्मा स्मारकाचा रंग काढून दगड मोकळा केला तसा आमचा होईल का. एक गुत्तेदार सँडब्लास्टिंगनं एका दिवसात करून देतो म्हणतोय. समितीतले काही जण म्हणायलेत की रंग काढला तर झेंडावंदनाला स्तंभ ओसाड दिसेल, मग वरून निदान क्लिअर कोट तरी कोणता मारावा.

आधी सरळ उत्तर देतो, कारणं नंतर. सँडब्लास्टिंग नको, गुत्तेदाराला आजच नाही म्हणून सांगा. रंग काढता येतोय, पण येत्या १७ सप्टेंबरच्या आत करायच्या भानगडीत पडू नका. वरून क्लिअर कोट कोणताच मारायचा नाही. आणि रंग कसा काढायचा हा प्रश्न खरं बघितलं तर अर्धाच आहे, तो केमिकल, ब्रश आणि सबुरीनं सुटतोय. उरलेला अर्धा असा की पुढच्या सप्टेंबरला पेंटचा डबा घेऊन परत माणूस येणारच आहे, त्याला कोण आणि काय सांगणार. मी जुन्या दगडी कामाची दुरुस्ती करतो, वेशी, बारवा, वाडे, देवळं, असले स्तंभ पण, आणि जिथं या दुसऱ्या अर्ध्याचा विचार आधी झाला नाही तिथं मेहनतीनं मोकळा केलेला दगड परत सोनेरी झालेला बघितलाय.

आता मुंबईचं. तुमच्या लिहिण्यात दोन वस्तूंची एकच झालीय. त्या चौकात जवळ जवळ दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक फ्लोरा फाउंटन, ते १८६४ चं कारंजं, वर रोमन देवी फ्लोरा उभी आहे. दुसरं हुतात्मा स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या १०६ हुतात्म्यांचं. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथं गोळीबार झाला, १५ जण गेले, आणि पुढं चौकाला हुतात्मा चौक नाव मिळालं, तरी निम्मी मुंबई अजून फाउंटनच म्हणती. रंगाचे थर उतरवले ते कारंज्याचे, स्मारकाचे नाही. हे मी उगं चूक काढायची म्हणून सांगत नाही, समितीपुढं तुम्ही मुंबईचा दाखला द्याल आणि मुंबईत नोकरी करून आलेला कोणीतरी उठून म्हणेल की असं काही झालंच नाही, की मग तुमचा सगळा मुद्दाच उडाला.

कारंज्याचा दगड पोर्टलंड स्टोन, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आणलेला, चुनखडीच्या जातीचा. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथ यांचं. बसवायचं होतं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपली राणीबाग, पण बसलं ते कोटाचं चर्च गेट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर. मूळचा पांढरट दगड, त्यात समुद्राची खारी हवा, गाड्यांचा धूर, त्यामुळं तो मळला की पांढरा रंग, परत मळला की परत रंग, हे वर्षानुवर्षं चाललं. चुनखडीचा दगड पाणी पितोय आणि सोडतोय, रंगानं ते सोडणं बंद केलं आणि कोरलेले चेहरे, पानं, फुलं सगळं रंगाखाली बोथट दिसायला लागलं. ते थर काढले, पाण्याची आतली लाईन नीट केली आणि जानेवारी २०१९ ला कारंजं परत सुरू झालं. तुमच्या कामासाठी यातून घ्यायची ती गोष्ट एवढीच की भर चौकातल्या, महापालिकेच्या ताब्यातल्या वस्तूवरून रंग उतरवता येतोय आणि महापालिकेसारखी संस्था ते काम हातात घेती. पद्धत मात्र उचलून आणायची नाही कारण तिथला दगड निराळा, आपला निराळा.

आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट, वेरूळ ज्यात कोरलंय तोच. चुनखडीवर ॲसिड पडलं की फसफसून दगडच विरघळतोय, बेसाल्टचं तसं होत नाही, आणि नेमकं ह्याच कारणानं आपल्याकडचे मिस्त्री बिनधास्त संडासचं ॲसिड ओतून मोकळे होतात. पण दगड टिकला तरी दरजांमधला, म्हणजे दोन दगडांच्या सांध्यातला, चुना टिकत नाही, दगडातल्या लोखंडाच्या अंशामुळं तांबूस डाग उठतात, आणि ॲसिडमधून जे क्षार आत जातात ते पुढं वर्षानुवर्षं बाहेर येत राहतात. शिवाय सगळाच बेसाल्ट घट्ट नसतोय. बारीक बारीक भोकांचा असतो तो बघा, भोकात पांढरे खडे भरलेले, ते खडे ॲसिडनं खराब होतात आणि दगडाला देवीच्या वणासारखे खड्डे पडतात. त्यामुळं ॲसिडचं नाव काढायचं नाही, कितीही पातळ करून मारतो म्हटलं तरी.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट बघून घ्या, स्तंभ खरंच दगडाचा आहे का. हसू नका. जुने स्तंभ दगडी असतात पण नंतरच्या काळात बांधलेले बरेच आरसीसीचे आहेत, वर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर दगडासारख्या रेघा ओढलेल्या, आणि वीस-पंचवीस थर रंग बसल्यावर नुसतं बघून कोणाला कळत नाही. मागच्या बाजूला, जिथं रंगाचा पोपडा आपोआप निघालाय तिथं बघा. हलकी हातोडी वाजवून बघा, गिलावा सुटला असेल तर बद्द वाजतंय, दगड खणखणीत वाजतोय. आरसीसी निघाला तर माझं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही, कारण सिमेंटच्या गिलाव्याला रंग लागतोच, मग नुसतं जुने थर घासून चांगला बाहेरचा ॲक्रिलिक रंग मारा आणि नावांच्या पाटीकडं लक्ष द्या, बस. पुढचं सगळं मी दगडच आहे असं धरून लिहितोय.

काळा पाषाण एवढा घट्ट असेल तर रंगानं त्याचं काय बिघडतंय, हे समितीतला कोणीतरी विचारणारच. पाणी दगडाच्या अंगातून फार जात नाही, ते जातंय दरजांमधून, वरच्या टोकाशी सांधा उघडा असेल तर तिथून, आणि खालून जमिनीतून ओल चढती ती वेगळीच. ऑइल पेंट म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट, आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही. त्या पाण्यात विरघळलेले क्षार रंगाच्या मागं जमतात, तिथं त्यांचे खडे होतात, फुगतात, आणि रंगाचा पोपडा सुटताना दगडाची वरची कातडी पण घेऊन येतो. तुम्ही खालच्या दोन-तीन फुटांत बघा, तिथं रंगाला फोड आलेले असतील आणि नखानं उचकटलं की मागं पांढरी पिठासारखी भुकटी असेल, आपण लोणा म्हणतो तो. वर माथ्याकडं रंग ठीक आणि खाली फुगलेला, असं असेल तर ओल जमिनीतून चढतीय हे नक्की समजा. चौथऱ्याभोवती पाणी साचत असेल, शेजारी हातपंप नाहीतर हॉटेलचं मोरीचं पाणी येत असेल, तर आधी ते वळवा, नाहीतर रंग काढून सुद्धा लोणा थांबणार नाही.

आणि तारखेचा मुद्दा बघा, ह्याच्याकडं कोणाचंच लक्ष जात नाही. मुक्तिदिन १७ सप्टेंबरला, कारण १९४८ ला त्या दिवशी निजामाचं राज्य संपलं, ती तारीख काही बदलायची नाही. म्हणजे रंग मारतात कधी, तर सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर जो काय पाऊस पडायचा तो पडलेला, दरजा भिजलेल्या, चौथरा भिजलेला, हवा दमट, अशा वेळी ओल्या दगडावर ऑइल पेंट. वर्षातला सगळ्यात वाईट मुहूर्त. त्या ओलीला दाबून वर झाकण घातलं, पुढं मार्च-एप्रिलला ऊन तापायला लागलं की काळा दगड कसला तापतोय तुम्हाला माहितीय, आतली ओल जोर करून बाहेर यायला बघती आणि रंगाचे पोपडे निघतात. मग पुढच्या सप्टेंबरला सगळे म्हणतात बघा किती खराब झालाय, रंग मारलाच पाहिजे. रंग खराब होतोय म्हणून रंग मारायचा आणि रंग मारल्यामुळं खराब होतोय, असं हे चक्र फिरत राहतंय.

आता नावांकडं येतो, ह्याच्यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात भरून न येणारं नुकसान इथंच होतंय. नावं कोरलेली आहेत, उठावाची आहेत का नुसती रंगानं लिहिलेली आहेत, हे कळल्याशिवाय नावांच्या बाजूला केमिकलचा थेंब लावायचा नाही. रंगानं लिहिलेली असतील तर रंग काढला की नावं गेली, कायमची. बऱ्याच ठिकाणी असं पण असतंय की पहिली यादी कोरलेली आणि नंतर सापडलेली, गावानं मागाहून घातलेली नावं खाली नुसती ब्रशनं लिहिलेली. सगळी एकाच सोनेरी रंगात असल्यामुळं वरून फरक दिसत नाही.

तर हे असं तपासायचं. रात्री जा, चौकातला हायमास्ट थोड्या वेळापुरता बंद करायला सांगा, नाहीच झाला तर मोठ्या ताडपत्रीनं आडोसा करा. बॅटरी समोरून मारायची नाही, दगडाला जवळ जवळ चिकटून आडवी धरायची, आधी डाव्या बाजूनं, मग उजव्या, मग खालून वर. आडव्या उजेडात कोरलेल्या अक्षराची एक कड चमकती आणि दुसऱ्या कडेला सावली पडती, रंगानं भरलेलं अक्षर सुद्धा किंचित खोल दिसतंय. रंगानं लिहिलेलं असेल तर सपाट दिसतंय नाहीतर उलट थोडं वर आलेलं. मोबाईल तिपाईवर ठेवून प्रत्येक ओळीचे चारी बाजूच्या उजेडातले फोटो काढा. मग पातळ कागद टेपनं लावून वरून पेन्सिलीचं शिसं आडवं घासून ठसे घ्या. हे सगळं शाळेतली पोरं सुद्धा करू शकतात, हौसेनं करतात.

हे करताना एक गोष्ट बहुतेक सापडेल, की पेंटरनं वर्षानुवर्षं अक्षरं गिरवता गिरवता नावंच बदललीत. मी केलेल्या एका स्तंभावर वर रंगात ज्ञानबा होतं, खाली दगडात ग्यानबा निघालं, आणि एका नावाचं तर आडनावच दुसरं झालेलं, कारण मधल्या कोणत्यातरी वर्षी अक्षर पोपड्यात गेलं आणि पेंटरनं अंदाजानं भरलं. त्या घरचे लोक गावातच होते, आम्ही ठसा दाखवला तेव्हा त्यांनी घरातला जुना कागद आणून ताडून बघितला. म्हणून म्हणतो, रंग काढायच्या आधी ठसे, फोटो आणि नगरपरिषदेत जी काय यादी असेल ती, तिन्ही शेजारी ठेवून वाचा, आणि त्या घरांतल्या कोणाला तरी बोलवा. फरक निघाला तर तो नोंदवून ठेवा, पेंटरनं लिहिलेलं बरोबर का दगडातलं बरोबर हे तुम्ही-मी ठरवायचं नाही.

मग थर किती आणि कशाचे ते बघायचं. नावांपासून लांब, मागच्या बाजूला, बोटभर जागेत धारदार ब्लेडनं तिरपा काप घेतला आणि ओल्या बारीक पॉलिशपेपरनं घासलं की थर एकाखाली एक दिसतात. वर सोनेरी, मग पांढरा, मग परत सोनेरी, कुठं निळा, असं करत सगळ्यात खाली बऱ्याचदा चुना नाहीतर गेरू सापडतोय. खाली चुना असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण ऑइल पेंटनं दगडाला नाही तर चुन्याला धरलंय, वरचे थर सुटायला लागले की चुन्यासकट पापुद्रे निघतात. थेट दगडावर ऑइल पेंट असेल तर वेळ जास्त लागंल. हे स्तंभ बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, म्हणून फोनवर स्क्वेअर फुटाचा भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

काढायची पद्धत अशी. जेलसारखं घट्ट पेंट रिमूव्हर घ्यायचं, पाण्यासारखं पातळ नको, पातळ असलं की ते ओघळून दरजात जातंय. शक्यतो कमी विषारी प्रकारातलं, बेन्झिल अल्कोहोलवालं बाजारात मिळतंय, जुन्या मिथिलीन क्लोराईडवाल्याच्या वासानं माणूस चक्कर येऊन पडू शकतोय, आणि साधा कापडी मास्क दोन्हीला उपयोगाचा नाही, वाफेचा फिल्टर असलेला मास्क, जाड रबरी हातमोजे, चष्मा हे पाहिजेच. जेल जाड लावायचं, वरून प्लास्टिकचा कागद चिकटवायचा म्हणजे उन्हानं वाळणार नाही, आणि थांबायचं. किती थांबायचं हे छोट्या तुकड्यावर आधी करून बघायचं, कधी तासाभरात फुगतंय कधी रात्रभर ठेवावं लागतंय. फुगलेला रंग लाकडाच्या नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीनं उचलायचा, अक्षरांच्या खाचेतून बांबूच्या टोकदार काडीनं काढायचा, मग नायलॉन ब्रश आणि भरपूर साधं पाणी. एका वेळी दोन-तीनच थर निघतात, त्यामुळं परत तेच. काम कंटाळवाणं आहे, पण दोन चांगले हात असले तर पुढं सरकतंय.

लोखंडी वायर ब्रश वापरू नका, त्याचे बारीक तुकडे दगडात अडकून गंजतात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात. कॉस्टिक सोडा नको, फर्निचरवाले त्यानं पॉलिश काढतात म्हणून कोणीतरी सुचवणारच, पण दगडात तो मागं क्षार सोडतोय आणि आपण तर क्षारांशीच भांडायलोत. ग्राइंडर नको, गॅसचा बंब लावून रंग जाळायचा तर विचारच नको, तापलेल्या दगडाचे टवके उडतात.

रंग सुका खरवडू नका, ही वेगळी सूचना. आपल्याकडं घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या आधीच्या थरांत, विशेषतः पिवळ्या आणि भडक रंगांत, शिसं असण्याची बरीच शक्यता आहे. चौकात पोरं खेळतात, शेजारी भजीचा गाडा असतोय. खाली जाड प्लास्टिक अंथरा, निघालेला चोथा सगळा गोळा करून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि नगरपरिषदेच्या घनकचऱ्यावाल्यांना लेखी कळवून द्या, नालीत धुवून सोडू नका.

आता सँडब्लास्टिंग का नको. गुत्तेदार खोटं बोलत नाही, एका दिवसात रंग निघेल. पण जोरानं मारलेल्या वाळूला रंग कुठं संपला आणि दगड कुठं सुरू झाला हे कळत नाही. तुमच्या स्तंभावर पाथरवटानं टाकी, म्हणजे छिन्नी, मारत नेलीय, त्या टाकीच्या ओळी दिसतात ना, त्या सगळ्या जाणार. अक्षरांच्या कडा गोल होणार, खोली कमी होणार, दहा वर्षांनी तीच नावं आडव्या उजेडात सुद्धा वाचायला त्रास. दगडाचं अंग खरबरीत होऊन धूळ आणि शेवाळ जास्त धरणार. दरजा पोकळ होणार. आणि वाळूची जी धूळ उडती ती मारणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात जाती, सिलिकोसिस होतोय त्यानं, बरा न होणारा आजार, गुत्तेदार त्याला रुमाल बांधायला देणार एवढंच. कमी दाबानं मऊ भुकटी मारायचं एक तंत्र जुन्या वास्तूंसाठी वापरतात हे खरंय, पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे, तुम्हाला जो दाखवायलाय त्याच्याकडं पुलाच्या लोखंडाचा गंज काढायचं मशीन आहे.

शंभर टक्के रंग निघायला पाहिजे हा हट्ट पण सोडा. दगडाच्या भोकांत थोडा पांढरा-पिवळा राहतोय, लांबून दिसत नाही, तो काढायच्या नादात दगडाला इजा होती. वेरूळच्या कैलासाला एके काळी पांढरा गिलावा होता, त्याचे तुकडे अजून तिथं अंगावर आहेत, त्याला कोणी घाण म्हणत नाही.

रंग निघाला की दरजा दिसतील आणि त्यात सिमेंट भरलेलं दिसेल, जवळ जवळ सगळीकडं असतंय. जे सिमेंट सुटलंय, हलतंय तेवढंच हातानं छिन्नीनं काढा, घट्ट बसलेलं उपटायला गेलात तर दगडाची कड तुटती. मोकळ्या दरजात चुना, म्हणजे भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि स्वच्छ धारदार वाळू अडीच-तीन भाग, थोडी सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी. गूळ, बेलफळ, उडीद हे सगळं घालायचं असतंय असं कोणी ना कोणी सांगेल, जुन्या कामात घालायचे ते खरंय, पण स्तंभाच्या चार दरजांसाठी त्याचा बाऊ करायची गरज नाही, चुना नीट मुरला आणि नीट भिजत ठेवला हे जास्त महत्त्वाचं. ओलं पोतं लावून आठवडाभर तरी सुकू द्यायचं नाही. हेच कारण आहे की हे काम दिवाळीनंतर सुरू करा आणि फेब्रुवारीच्या आत उरका. पावसाळ्यात केमिकल धुवून जातंय, एप्रिल-मेमध्ये चुना धरायच्या आत वाळून भुकटी होतोय.

नंतर वरून काय मारायचं तर काही नाही. क्लिअर व्हार्निश दोन उन्हाळ्यांत पिवळं पडून सोलतंय. दगडाला चमक आणणारे सिलर मिळतात, तुमचा दगड मोकळा श्वास घ्यायला लागला असताना परत तोंड बांधायचं काय कारण. गोडंतेल चोळायची पद्धत देवाच्या मूर्तीला ठीक आहे, चौकात त्याच्यावर धूळ बसून आठ दिवसांत चिकट काळं होतंय. काळा पाषाण नुसत्या पाण्यानं धुतला तरी देखणा दिसतोय, आणि ओला असताना तर जास्तच.

राहिली समिती. ओसाड दिसेल म्हणणारे लोक वेडे नाहीत, त्यांना त्या दिवशी आपण काहीतरी केलं हे दिसायला पाहिजे असतंय, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या हातातला ब्रश काढून घेऊ नका, ब्रश दुसरीकडं वळवा. स्तंभाभोवतीची लोखंडी साखळी, कठडा, झेंड्याचा पोल, ह्यांना दर वर्षी रंग खरंच लागतोय, गंजतात ते, तिथं खुशाल ऑइल पेंट मारा, सोनेरी मारा. स्तंभावर फक्त कोरलेल्या अक्षरांच्या खाचेत पातळ ब्रशनं पांढरा नाहीतर गेरूचा रंग भरा, बाहेर सांडला की ओला असतानाच पुसा, म्हणजे नावं रस्त्यावरून वाचता येतील. चौथरा धुवा, रांगोळी, फुलं, रात्री खालून एक साधा फोकस. संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापुढं मुख्यमंत्री येऊन झेंडावंदन करतात त्या कार्यक्रमाचे फोटो समितीला दाखवा, तिथली शोभा झेंडा, मानवंदना आणि फुलांची असती.

आणि हिशोबाची बाजू समजून घ्या, कारण रंग मारायची सवय बऱ्याच अंशी तिथनं येती. ऑइल पेंटचे दोन हात हा आयटम बांधकाम खात्याच्या दरसूचीत तयार आहे, जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, तो उचलतोय, एस्टिमेट होतंय, बिल निघतंय, कोणाला प्रश्न पडत नाही. दगडावरून रंग उतरवणं असा आयटम सहज सापडत नाही, त्याला दरपृथक्करण, म्हणजे मजुरी-मालाचा हिशोब मांडून दर काढणं, करून, कोटेशन लावून मंजुरी घ्यावी लागती, म्हणून कोणी हात लावत नाही. तुम्ही सीओ, म्हणजे नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी, साहेबांकडं जाताना नुसतं निवेदन नेऊ नका, नमुन्याचा तुकडा करून त्याचे आधी-नंतरचे फोटो, दोन-तीन ठिकाणची कोटेशनं आणि पुढच्या वर्षापासून स्तंभाला रंग न मारता फक्त धुणे व लोखंडी कामाला रंग, असा ठरावाचा मसुदा घेऊन जा. हा ठराव सभेत पास होऊन नोंदवहीत गेला पाहिजे, कारण सीओ बदलतात, नगरसेवक बदलतात, पेंटर तोच राहतोय. स्तंभ राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे का हे पण लेखी विचारून घ्या, असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय नमुन्याचा तुकडा सुद्धा करता येत नाही. नसेल तरी त्यांच्या माणसाला एकदा बघायला बोलवा, समितीत तुमच्यापेक्षा त्याचं जास्त ऐकतील.

ह्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला काय, तर पेंटरला स्तंभ सोडून कठडा आणि पोल द्या, स्तंभ साध्या पाण्यानं आणि नायलॉन ब्रशनं धुवा, जमलं तर नावांचे ठसे त्याच आठवड्यात शाळेच्या पोरांकडून घ्या आणि झेंडावंदनाला चौकात फळ्यावर लावा, लोक जमतील वाचायला आणि आपल्या आज्याचं नाव शोधायला, तिथंच ठरावाला पाठिंबा मिळंल तुम्हाला.

मला पुढं काही नेमकं सांगायचं असेल तर चार फोटो लागतील: खालच्या दोन फुटांतला फोड आलेला भाग जवळून, वरचं टोक, मागच्या बाजूचा निघालेला पोपडा शेजारी एक नाणं ठेवून, आणि रात्रीच्या आडव्या उजेडात नावांची एक ओळ. चौथऱ्याभोवती पाऊस पडून गेल्यावर पाणी किती वेळ थांबतंय ते पण बघून लिहा.